आधी ओल काढा, मग रंग
घर विकण्याआधी स्वयंपाकघर आणि बाथरूम नवं करून घ्या, खर्च वसूल होतो, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. ओटा, टाइल्स, कपाटं ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट. घेणारा ती फोडून पुन्हा करणार असेल, तर तुमचा खर्च किमतीत कशाला धरेल?

गळतीचं तसं नाही. भिंतीला पोपडे दिसले की माणूस अख्ख्या घराबद्दल शंका घेतो. पाणी नेमकं कुठून येतंय ते आधी शोधा, दुरुस्त करा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच फिकट रंग लावा. ओलीवर रंग मारून झाकू नका हो! ओलीबरोबर भिंतीतले क्षार पुन्हा वर येतात, आणि घेणाऱ्याची ती सरळ फसवणूक आहे. दुरुस्तीची बिलं जपून ठेवा, दाखवायला लागतात.