कर-कायद्यात ‘मोठा’ सौर किंवा पवन प्रकल्प कशाला म्हणावे?

प्रश्न:
एका कर-मसुद्यावर अभिप्राय लिहिताना मी व्याख्येपाशीच अडलो आहे. ‘एक मेगावॅटपेक्षा जास्त क्षमतेचा तो मोठा सौर प्रकल्प’, एवढेच त्यात म्हटले आहे. ही क्षमता पॅनलांची धरायची की इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलांची डीसी वीज ग्रिडला चालेल अशा एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राची? शिवाय एकाच मालकाने लगतच्या जमिनींवर ९०० किलोवॅटचे तीन संच तीन कंपन्यांच्या नावे उभारले, तर तो प्रकल्प एक मानायचा की तीन?

पहिले उत्तर:
पॅनलांची बेरीज १.३ मेगावॅट आणि इन्व्हर्टर मात्र १ मेगावॅटचा, अशी रचना सर्रास आढळते, कारण पॅनल पूर्ण क्षमतेने फार थोडा वेळ चालतात. म्हणजे तुमच्या मसुद्याप्रमाणे तोच प्रकल्प एका मोजणीने करपात्र ठरतो आणि दुसरीने सुटतो. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कायद्यात एक मेगावॅटची मर्यादा एसी क्षमतेवर, म्हणजे इन्व्हर्टरच्या बाजूने मोजलेल्या क्षमतेवर आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. तुमच्या मसुद्यातही ‘एसी’ हा शब्द यायलाच हवा.

दुसरे उत्तर:
मला दुसरा प्रश्न अधिक गंभीर वाटतो. मिनेसोटातच १२ मेगावॅटपेक्षा मोठ्या पवन प्रकल्पाला युनिटमागे ०.१२ सेंट कर आहे, तर २ ते १२ मेगावॅटच्या प्रकल्पाला ०.०३६ सेंट. तुकडे पाडले की कर तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो, आणि तुमच्या उदाहरणात तर तो पूर्णच टळतो. म्हणून तेथे क्षमतांची बेरीज करताना पवनचक्क्या पाच मैलांच्या आत आहेत का, एकाच सुमारास उभारल्या का, हे पाहतात. सौर प्रकल्पांच्या बाबतीत मालकी, वीजविक्रीचा करार, ग्रिडजोडणी आणि कर्ज सामायिक आहे का, हेही तपासले जाते. कंपनीचे नाव बदलणे सोपे असते, पण सामायिक जोडणी आणि कर्जाचे कागद लपवणे अवघड, त्यामुळे माझ्या मते व्याख्येचा खरा आधार हाच असावा.

तिसरे उत्तर:
करात कोणती यंत्रसामग्री धरायची, तेही नावानिशी लिहा. नेब्रास्का राज्य उत्पादनावर नव्हे, तर क्षमतेवर प्रति मेगावॅट ३,५१८ डॉलर वार्षिक कर घेते, आणि त्या बदल्यात ज्या यंत्रसामग्रीवरील मालमत्ता कर माफ होतो, तिच्या यादीत मनोरे, पाती, पॅनल, इन्व्हर्टर, उपकेंद्र, अगदी वायरिंगसुद्धा आहे. अशी यादी नसेल, तर पवनचक्कीचा मनोरा जंगम की जमिनीला जखडलेला म्हणून स्थावर, यावर वर्षानुवर्षे खटले चालतील. तुमच्या मसुद्यात साठवणुकीच्या बॅटऱ्यांचा उल्लेख आहे का?