अर्जात 'स.न.वि.वि.' नको

काही जण म्हणतात, नोकरीच्या अर्जाच्या सुरुवातीला 'स.न.वि.वि.' लिहिलं की अर्ज नम्र वाटतो. मला नाही पटलं. 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' हा ओळखीच्या, बरोबरीच्या माणसाला लिहायचा मायना. नोकरीच्या अर्जात सप्रेम कशाला? तिथे 'प्रति', मग पद, पत्ता, विषय आणि खाली 'महोदय/महोदया' हेच योग्य.

पण तिरकी रेघ मारून मोकळं होण्याआधी एक फोन करा. परळच्या एका शाळेत अर्ज द्यायला गेले तेव्हा मी नुसतं 'महोदय' लिहिलं होतं. मुख्याध्यापकपदी बाई आहेत हे दारावरची पाटी वाचून कळलं. बाजूच्या झेरॉक्सच्या दुकानात उभ्या उभ्या अख्खा अर्ज पुन्हा लिहिला. तेव्हापासून आधी ऑफिसात विचारते, अर्ज कुणाच्या नावे करू, सर की मॅडम? लगेच सांगतात.