३५ वर्षांचं कॉम्प्लेक्स, गच्ची गळतेय. नवा कोबा करू, मेंब्रेन लावू की पत्रे टाकू?

सातपूरचा_मालक
मंडळी जरा सांगा. नाशिकला सातपूरमध्ये आमचं दोन मजली कॉम्प्लेक्स आहे, १९८९ चं, वर ३००० चौरस फूट सपाट गच्ची. मूळचा कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर, आठ वर्षांपूर्वी त्यावर पांढरं केमिकल मारून घेतलं, दोन पावसाळे बरे गेले मग ये रे माझ्या मागल्या. गेल्या वर्षी झेरॉक्सवाल्याच्या मशीनवरच धार लागली, तो आता भाडं देईना आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणा. एक जण म्हणतो जुन्यावरच नवा कोबा करा, दुसरा म्हणतो डांबरी मेंब्रेन (गुंडाळीत येणारी डांबराची जाड शीट), तिसरा म्हणतो पत्रे टाका आणि मोकळे व्हा. मे निम्मा संपला, सुचत नाहीये.

गच्चीवाला_पंचवटी
जुन्यावर नवा कोबा अजिबात नको भाऊ. साडेचार इंच कोबा म्हणजे फुटाला २० किलो तरी धरा, ३००० फुटाचे झाले ६० टन. दहा-दहा टनाचे सहा ट्रक गच्चीवर लावाल का? आधी खालून स्लॅब बघा, हातोडीने ठोका, बद्द आवाज आला किंवा पोपडे पडून सळई दिसली तर वरच्या केमिकलचा विषय नंतर. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटच ढकलून पाडते, म्हणून आधी गंज घासून पॉलिमर मॉर्टर (केमिकल मिसळलेला सिमेंटचा मसाला) भरून घ्या. ३० च्या पुढची बिल्डिंग आहे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवाच. आणि जुना कोबा काढायचा ठरला तर छिन्नी-हातोडीने, ब्रेकर (हादरे देऊन फोडणारं मशीन) लावणाऱ्याला वरच चढू देऊ नका.
मेंब्रेन चांगलं असतं पण ओल्या कोब्यावर गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवलं तर आतल्या वाफेने फुगे येतात.

द्वारकाकर
आमच्याकडे तीन जणांनी तीन कोटेशनं दिली, सगळी पूर्ण गच्चीची, पाणी कुठून येतंय ते एकानेही बघितलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून गच्चीचे चार भाग केले आणि एकेका भागात दोन इंच पाणी ४८ तास ठेवलं. तीन भाग कोरडे ठणठणीत! चौथ्यात पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी पिंपळ उगवलेला, मूळ थेट आत. आणि गळत होतं तिथून बारा फुटांवर, कारण पाणी वायरिंगच्या पाइपातून फिरून दिव्याच्या होल्डरमधून टपकायचं. (लाइट बंद करून मगच बघा हां.) तेवढाच भाग उकरला, पॅरापेटच्या (कठड्याच्या) कोपऱ्याला वाटा (सिमेंटची गोलाई) नीट मारून घेतला, तेव्हापासून थेंब नाही.

नुसता_वाचक
पत्र्यांचं काय मग? आमच्या शेजाऱ्यांनी टाकलेत, मस्त आहेत.

गच्चीवाला_पंचवटी
पाऊस अडतो, खरंय. पण महापालिकेची परवानगी बघा, वाऱ्याला धरेल असं फॅब्रिकेशन करा, आणि पॅरापेटमधून मुरणारं पाणी तसंच राहतं. वर दोन वर्षांत भाडेकरू तिथे गोडाऊन करतात ते वेगळंच 😀

सातपूरचा_मालक
आत्ताच वर जाऊन आलो. पिंपळ नाही सापडला, पण झेरॉक्सच्या डोक्यावर इंटरनेटवाल्याने खांब उभा केलाय, चार बोल्ट सरळ कोब्यात, भोवती गंज आणि बोट जाईल एवढी फट. परवानगी कुणी दिली विचारू नका, मीच दिली होती. उद्या तिथे बांध घालून पाणी भरतो, द्वारकाकर, मसाला किती जाड ठेवला होता काकांनी?