'बूटस्ट्रॅप्स'ला मराठीत काय म्हणू? भाषांतरासाठी सल्ला हवा

निशिगंध
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका विद्यार्थी वसतिगृहाच्या स्मरणिकेचं काम करतेय. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने इंग्रजीत मुलाखत दिली आहे, ती मराठीत आणतेय. एका वाक्यावर चार दिवस अडले आहे: 'आय पुल्ड मायसेल्फ अप बाय माय बूटस्ट्रॅप्स.' आधी 'बुटाच्या नाड्या ओढून वर आलो' लिहिलं, ते वाचून मलाच काही बोध होईना. मग 'कुणाच्याही मदतीशिवाय स्वतःच्या पायावर उभा राहिलो' असं केलं. संपादक काकांना ते पसंत आहे. पण दोनच परिच्छेदांनंतर हेच गृहस्थ सांगतात की दोन वर्षं त्यांची मेसची फी माफ होती आणि गणिताचे सर रात्री दहापर्यंत त्यांच्यासाठी वर्ग उघडा ठेवायचे. मग 'मदतीशिवाय' कसं लिहू? पुढच्या आठवड्यात छपाई आहे.

तळटीप
निशिगंध, तुमची शंका अगदी रास्त आहे. आधी नाड्यांचं बघू. बूटस्ट्रॅप म्हणजे नाडी नव्हे. घोट्याच्या वर जाणाऱ्या उंच बुटाच्या तोंडाशी, मागे किंवा दोन्ही बाजूंना, चामड्याची किंवा जाड कापडाची लहानशी पट्टी शिवलेली असते. तिच्यात बोट अडकवायचं, पाय आत सरकवायचा आणि ओढायचं, की बूट टाचेवर चढतो. आता बूट घालून उभे राहा आणि दोन्ही पट्ट्या धरून स्वतःलाच वर उचलून बघा. हात पट्टी जितक्या जोराने वर ओढतात, तितक्याच जोराने पट्टी हातांना खाली ओढते. बाहेरून जोर लावणारं कुणी नाही, त्यामुळे माणूस जागचा हलत नाही.

वाक्प्रचार जन्मला तो याच अर्थाने, म्हणजे अशक्य गोष्ट सांगायला. 1834 साली नॅशव्हिलच्या निमरॉड मर्फ्री नावाच्या माणसाने अखंड चालणारं यंत्र शोधल्याचा दावा केला. अमेरिकन वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली, की आता हा बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे नेईल. 1888 च्या एका अमेरिकन शालेय भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तर प्रश्नच आहे: माणूस बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला का उचलू शकत नाही?

अर्थ उलटला तो पुढे. 1920 च्या दशकापर्यंत हेच शब्द 'स्वतःच्या कष्टाने वर येणं' या कौतुकाच्या अर्थाने वापरात आले होते. तुमचे पाहुणे याच अर्थाने बोलतायत, म्हणून 'अशक्य' ही छटा भाषांतरात आणायची गरज नाही. पण 'मदतीशिवाय' हा शब्दही त्यांचा नाही. तो तुम्ही घातलात. काढून टाका.

घाटमाथा
तळटीप यांना +१. आम्ही दिवसभर हाच शब्द उच्चारतो, पण मूळ आज कळलं. संगणक 'बूट' होतो तो यातूनच आला. यंत्र सुरू करताना मेमरी रिकामी, आणि प्रोग्राम आत आणायचा तर तेही काम प्रोग्रामनेच करायचं. मग मोजक्या आज्ञांचा एक छोटा तुकडा आधी चालवतात, तो पुढच्याला आत ओढतो. 1950 च्या दशकात त्याला बूटस्ट्रॅप म्हणू लागले. पण तो पहिला तुकडाही कुणीतरी आधी बसवून ठेवलेला असतो! स्टार्टअपवाले 'बूटस्ट्रॅप्ड' म्हणतात तेव्हा मी 'पदरच्या पैशांवर उभी केलेली कंपनी' असं भाषांतर करतो. तुमच्या वाक्याला ते चालणार नाही.

आजोळ
मुलाखतीला शीर्षक म्हणून 'उद्धरेदात्मनात्मानम्' कसं वाटतं? गीतेच्या सहाव्या अध्यायात आहे, स्वतःच स्वतःला वर काढावं. हुबेहूब जुळतंय.

तळटीप
आजोळ, शब्द जुळतात, पण तिथला विषय मन जिंकण्याचा आहे, नोकरी-शिक्षणाचा नाही. शीर्षकाला मी तरी वापरणार नाही. इंग्रजीच्या मूळ अर्थाला संस्कृतात जोडी हवी असेल तर ती वेगळीच आहे: कितीही तरबेज नटाचा पोर असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. 'स्वस्कन्धमारोढुम्' हा दाखला वादविवादांत यायचा.

सदाफुली
मी स्वतः वसतिगृहात राहून शिकले, म्हणून थोडं मनापासून लिहिते. कृपा करून 'मदतीशिवाय' छापू नका. आज त्या खोल्यांत राहणारी मुलं ते वाचतील, आणि फीमाफीचा अर्ज भरणाऱ्या पोराला वाटेल की आपण काहीतरी कमी आहोत.

मार्टिन ल्यूथर किंग यांनी 1968 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथेड्रलमधल्या भाषणात याच वाक्प्रचाराला हात घातला होता. ज्याच्या पायात बूटच नाहीत त्याला बुटाच्या पट्ट्या धरून वर ये म्हणणं ही क्रूर थट्टा आहे, असं ते म्हणाले. युरोपातून आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांना सरकारने पश्चिमेकडे जमिनी दिल्या, आणि गुलामीतून सुटलेल्यांना मात्र रिकाम्या हातांनी सोडलं, हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे नेमका शब्द आहे: स्वावलंबन. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचं वाक्य. कर्मवीरांनी 1919 मध्ये संस्था काढली, मुलांनी कमवावं आणि शिकावं असं सांगितलं. पण डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात भाकरी संस्थेची होती. बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. स्वावलंबन म्हटलं की मला हे दोन्ही एकत्र आठवतं, म्हणून तोच शब्द सुचवते.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. 'स्वावलंबन' घेतला, फक्त बोलण्यात बसेल असा. वाक्य असं झालं: 'हातपाय हलवले, पडेल ते काम केलं आणि स्वावलंबनाने वर आलो.' संपादक काकांना सदाफुलींचा प्रतिसाद वाचून दाखवला. 'मदतीशिवाय' त्यांनी स्वतःच्या हाताने खोडलं.

काल मजकूर पाहुण्यांना पाठवला होता. उत्तर आलंय. हे वाक्य त्यांना पटलं, पण पुढे एक ओळ घालायला सांगितली: 'कामावरून यायला उशीर झाला की मेसच्या मावशी माझं ताट झाकून ठेवायच्या.'