फ्राइट नाइट पार्ट 2 (1988): मी पाहिला तो अख्खा सिनेमा होता का? मदत हवी आहे

मंडळी, कित्येक वर्षं शोधत होतो तो 'फ्राइट नाइट पार्ट 2' हा व्हॅम्पायरपट अखेर पाहिला. मजा आली, पण संपल्यापासून डोक्यात भुंगा लागलाय.

1985 चा दिग्दर्शक टॉम हॉलंडचा पहिला भाग सहज मिळतो. दुसरा टॉमी ली वॉलेसचा, अमेरिकेतही 1989 मध्ये मोजक्याच थिएटरांत लागलेला. नेटवर शोधायला गेलं की 2013 चा 'फ्राइट नाइट 2' गळ्यात पडतो. नावात दोन असलं तरी तो याचा पुढचा भाग नव्हे, पहिलीच गोष्ट नव्याने सांगितलीय. याच्यासारखीच त्यातही व्हॅम्पायर बाईच आहे, त्यामुळे गोंधळात भर.

तर एका संग्राहकाकडून युरोपातली जुनी व्हीएचएस मिळाली. पहिल्या भागाचा नायक चार्ली ब्रूस्टर आता कॉलेजात आहे. मानसोपचार घेऊन 'व्हॅम्पायर वगैरे काही नव्हतंच' हे त्याने स्वतःला पटवलंय, आणि तेवढ्यात पहिल्या भागात मेलेल्या व्हॅम्पायर जेरीची बहीण रेजीन सूड घ्यायला हजर! तिच्या टोळीत एक स्केट्सवर घरंगळणारा, एक किडे खाणारा. रेजीन झालेली ज्युली कारमेन झकास, पण खरी धमाल टीव्हीवरच्या भयपट-शोचा सूत्रसंचालक झालेल्या रॉडी मॅकडॉवलची. रेजीन त्याचा टीव्ही शोच बळकावते, आणि गड्याला मानेच्या काळजीपेक्षा नोकरी गेल्याचं दुःख मोठं. विनोद पहिल्या भागाइतका धारदार नाही, तरी हा माणूस पडद्यावर आला की मी हसत होतो.

आता अडचण. सगळीकडे लांबी 104 मिनिटं लिहिलीय, माझी टेप 100 मिनिटांतच संपते. रक्तपाताचे तुकडे उडवलेत का? शिवाय चित्र चौकोनी आहे. दोघं बोलत असतात, त्यातल्या एकाचं नुसतं नाक दिसतं, आणि मध्येच चित्र यंत्रासारखं बाजूला सरकतं. टेपच खराब आहे की सिनेमाच असा? पुढे दुसरी प्रत घ्यायची झाली तर काय बघून घेऊ?

निशाचर: अभिनंदन! चार मिनिटांचं कोडं सोपं आहे. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सने (म्हणजे 24 स्थिर चित्रांनी) चित्रित होतो. युरोपातली पाल या टीव्ही-पद्धतीची टेप 25 ने चालते, म्हणजे सगळा सिनेमा किंचित पळतो. 104 गुणिले 24 भागिले 25 करून बघ, 99.8 येतात. सेन्सॉरने कापलं असतं तर हिशोब इतका चोख जुळला नसता. आवाजही जरा चढा लागतो. पहिल्या भागाची 24 फ्रेम्सची प्रत असेल तर मॅकडॉवलचा आवाज लागोपाठ ऐकून बघ.

जुनी टेप: चित्राचं मात्र खरंच नुकसान झालंय. मूळ चौकट (रुंदी:उंची) 2.35:1, जुन्या टीव्हीची 1.33:1. उंची तीच ठेवून रुंदी छाटली की चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र गेलं. उरलेल्यात कोण बोलतंय त्याच्या मागे चौकट सरकवतात, तेच तुला 'सरकणं' दिसलं. 2003 ची अमेरिकन डीव्हीडीसुद्धा चौकोनीच आहे, त्यामुळे दुर्मिळ म्हणून तिच्यावर पैसे घालू नकोस. विकणाऱ्याकडे सिनेमाच्या मधल्या प्रसंगाचा फोटो माग. श्रेयनामावलीचा चालणार नाही, कारण नावं कापली जाऊ नयेत म्हणून तेवढा भाग बऱ्याचदा रुंदच ठेवतात. आणि रुंद दिसलं म्हणून लगेच भुलू नकोस. काही महाभाग चौकोनी चित्रच वरून-खालून कापून 'वाइडस्क्रीन' म्हणून खपवतात. जवळच्या शॉटमध्ये कपाळं आणि हनुवट्या उडालेल्या दिसल्या तर समजून जा.

धागाकर्ता: दोघांचे मनापासून आभार. आवाज ताडून पाहिला, मॅकडॉवल टेपवर खरंच जरा पातळ ऐकू येतो. म्हणजे गोष्ट पूर्ण पाहिली, चित्र अर्धंमुर्धं. कुणाकडे रुंद चौकटीतली प्रत असेल तर एवढंच सांगा: बोलिंग अ‍ॅलीच्या प्रसंगात टोळीतले सगळे एका वेळी दिसतात का? माझ्या टेपवर ते हप्त्याहप्त्याने येतात.