काळ्या रानात घरकुल: पाया कसा घ्यावा?

प्रश्न: लातूरकडं, काळी माती 3 मीटर. घरकुल 25 चौरस मीटरचं, अनुदान 1,20,000. पडक्या माळवदाचा (मातीच्या सपाट छताच्या घराचा) दगड आहे. भिंतीला चालेल का?

उत्तर 1: आधी पाया बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर ठरलेली. अंडर-रीम पाईल, म्हणजे खाली फुगा असलेले काँक्रीटचे खांब, जमिनीत घ्या: व्यास 25 सेंमी, खोली साधारण 3.5 मीटर, खालचा फुगा 62.5 सेंमी. वर प्लिंथ बीम (भिंतीखालची आडवी तुळई), अन् बीमखाली 8 सेंमी पोकळी. गवंडी नेमकी तीच मुरूम ठासून बुजवतो, मग फुगलेली माती बीमच उचलते.

उत्तर 2: दगड चालेल, पण मातीच्या गाऱ्यात नको. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात जाड भिंतींचे आतले-बाहेरचे थर सुटे झाले, वरून माळवदाचं वजन. भिंत 45 सेंमीच्या आत, सिमेंट-वाळू 1:6. दर 60 सेंमी उंचीवर आरपार जोडदगड, आडवं अंतर 1.2 मीटरपेक्षा कमी. लिंटेलला (दार-खिडकीच्या वर) काँक्रीटची सलग पट्टी, 10 मिमीच्या 2 सळया. कोपऱ्यात सळई तुटली तर पट्टी नावालाच.

उत्तर 3: न्हाणीचं पाणी घराच्या पायाजवळ मुरू देऊ नका. भोवती मीटरभर फरशी, बाहेर उतार.