वेगळ्या श्रद्धेचे परदेशी पाहुणे सोलापुरात येतात तेव्हा (अनुभव धागा)

टॉवेल-चादरींच्या खरेदीला, चीनमध्ये सेवा केलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक पाहायला परदेशी पाहुणे सोलापुरात येतात. त्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता सरबराई कशी करावी, हे जाणकारांनी लिहावं. काय करायचं, काय चुकतं आणि का, एवढंच सांगा.

स्वयंपाक बघणारे
‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढ्यावर थांबू नका. ‘काय चालत नाही?’ हे चार दिवस आधी विचारा. सगळ्यात जास्त घोटाळा शेंगाचटणीत होतो. शाकाहारी म्हणून ती बिनधास्त वाढतात, पण तिच्यात लसूण असतो आणि चिनी परंपरेतले व्रतस्थ बौद्ध लसूण-कांदा घेत नाहीत. त्यांची चटणी लसणाशिवाय, सगळ्यात आधी, धुतलेल्या उखळात कुटा. कोशर (ज्यूंचे खाण्याचे धार्मिक नियम) कडक पाळणाऱ्या ज्यू पाहुण्याला आपली घासलेली भांडीही चालत नाहीत. अख्खी, न कापलेली फळं आणि सीलबंद पाणी ठेवा. हलाल मटण इथे सहज मिळतं. चूक होते ती रमजानात दुपारची पंगत ठरवण्यात: रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो, गेल्या वर्षीच्या तारखा धरू नका.

टॉवेल निर्यातीतले
नमाजासाठी एक स्वच्छ खोली, वजूला (नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला) पाणी आणि कोरी धुतलेली चादर पुरते. मक्केची दिशा आधी सांगून ठेवा.
डिझाइनमध्ये देशांचे झेंडे असतील तर पंचिंगच्या (मागाला डिझाइन देण्याच्या) आधी तपासा. सौदी अरेबियाच्या झेंड्यावर कलमा (इस्लामी श्रद्धेचं वचन) आहे. तो अंग पुसायच्या टॉवेलवर येणं हा श्रद्धेचा अपमान आहे, आणि माल विणून झाल्यावर दुरुस्ती नाही.
सौदीला सुटी शुक्रवार-शनिवार. अमिरातीत मात्र 2022 पासून शनिवार-रविवार, शुक्रवारी अर्धा दिवस. शुक्रवारी दुपारी कुठेच फोन लावू नका.

वरच्यांना पुरवणी
दिशा नुसती पश्चिम नव्हे. सोलापुरातून मक्का पश्चिमेपासून सुमारे 12 अंश उत्तरेकडे येते. होकायंत्रावर 282 अंश बघून भिंतीवर छोटा बाण चिकटवा.

कोटणीस स्मारक दाखवणारे
आपली टॉवेल-टोपी मनापासूनची असते, पण तैवान आणि चीनच्या फूच्येन प्रांताकडे अंत्यविधीला आलेल्यांना टॉवेल देतात, त्यामुळे त्या भेटीला ताटातुटीचा अर्थ चिकटतो. रंगीत सोलापुरी चादर द्या. भिंतीवरचं घड्याळही नको. चिनी भाषेत ‘घड्याळ देणं’ हा उच्चार ‘शेवटचा निरोप देणं’ असा ऐकू येतो.
भैय्या चौकातल्या स्मारकात सुरुवात ‘कोटणीस’ या नावाने केली तर चिनी पाहुण्याला पटकन उलगडत नाही. त्यांचं चिनी नाव ‘ख दीह्वा’ सांगा. 1938 साली चीनला गेलेल्या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘ह्वा’ होतं, म्हणजे चीन. कोटणीसांच्या मुलाचं नाव इनह्वा: ‘इन’ भारताचा, ‘ह्वा’ चीनचा. हे कळलं की पाहुणे थबकतात, तिथे घाई करू नका.
फुलांचं एक लक्षात ठेवा. पांढरी-पिवळी शेवंती त्यांच्याकडे मृतांसाठी. स्वागताच्या हारात ती घालू नका. 9 डिसेंबरला, डॉक्टरांच्या स्मृतिदिनी, तीच आणून ठेवा.